भारतातील मोटारसायकल परवाना

भारतातील मोटारसायकल परवाना म्हणजे यंत्रचलित दुचाकी सार्वजनिक रस्त्यावर चालवण्यासाठी मोटार वाहन कायदा, १९८८ अन्वये दिली जाणारी अनुज्ञप्ती होय. महाराष्ट्रात ती प्रादेशिक व उपप्रादेशिक परिवहन कार्यालयांतून मिळते. शासकीय कागदपत्रांत ‘अनुज्ञप्ती’ हा शब्द असला तरी बोलण्यात ‘लायसन’ हाच शब्द रूढ आहे. शिकाऊ अनुज्ञप्तीला ‘कच्चे लायसन’ आणि त्यानंतर मिळणाऱ्या अनुज्ञप्तीला ‘पक्के लायसन’ म्हणतात.

हा परवाना मुख्यतः गिअर असलेली दुचाकी आणि गिअर नसलेली दुचाकी एवढाच भेद मानतो. वयाबाबतची एक सवलत सोडली, तर इंजिनाचा आकार किंवा त्याची शक्ती यांचा विचार त्यात नाही. त्यामुळे शंभर सीसीच्या गाडीवर चाचणी उत्तीर्ण होऊन परवाना हाती आलेली व्यक्ती त्याच दिवशी हजार सीसीची मोटारसायकल कायदेशीररीत्या चालवू शकते. युरोपातील देश, जपान, सिंगापूर आणि ऑस्ट्रेलिया येथे मात्र लहान गाडीपासून मोठ्या गाडीपर्यंत कायद्यानेच पायऱ्या ठरवून दिल्या आहेत.

वर्ग आणि वयाची अट

१ जुलै १९८९ रोजी अमलात आलेल्या या कायद्यात दुचाकीचे दोन वर्ग आहेत : गिअर नसलेली मोटारसायकल आणि गिअर असलेली मोटारसायकल. कायद्याच्या भाषेत स्कूटर व मोपेड यांचाही समावेश ‘मोटारसायकल’ या शब्दात होतो. गिअर असलेल्या गाडीची चाचणी उत्तीर्ण झालेली व्यक्ती गिअर नसलेल्या गाडीच्या चाचणीतही उत्तीर्ण मानली जाते. याउलट मात्र चालत नाही. म्हणूनच केवळ स्कूटर वापरणारेही पुष्कळदा गिअरच्या गाडीचा परवाना काढून ठेवतात.

परवान्यासाठी वयाची १८ वर्षे पूर्ण असावी लागतात. अपवाद ५० सीसीपर्यंतच्या दुचाकीचा. ती १६ व्या वर्षापासून चालवता येते. मूळ कायद्यात ही सवलत गिअर नसलेल्या सर्व दुचाकींना होती. १९९४ च्या दुरुस्तीने तिला इंजिनाच्या आकाराची मर्यादा आली. अठरा वर्षांखालील अर्जदारास पालकाची लेखी संमती द्यावी लागते. पुण्याच्या कायनेटिक इंजिनिअरिंग कंपनीने १९७२ मध्ये आणलेली लूना ही ५० सीसीची मोपेड घरोघरी होती, त्या काळात या तरतुदीला अर्थ होता. आज या आकाराच्या पेट्रोल दुचाकी नव्या विक्रीत जवळजवळ राहिलेल्या नाहीत आणि बाजारातील नेहमीच्या स्कूटर ११० ते १२५ सीसीच्या आहेत. त्यामुळे सोळा वर्षांच्या मुलामुलींना मिळणारी सवलत बरीचशी कागदावरच उरली आहे. पाव किलोवॉटपेक्षा कमी शक्तीची आणि ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी वेगमर्यादेची विजेवरची दुचाकी नियमांतील अटी पूर्ण करत असेल, तर ती ‘मोटार वाहन’ या व्याख्येतच येत नाही आणि तिला परवाना लागत नाही.

शिकाऊ परवाना

शिकाऊ परवान्यासाठी अर्ज, वयाचा व पत्त्याचा पुरावा आणि शारीरिक क्षमतेबाबतचे स्वयंघोषणापत्र द्यावे लागते. अर्ज परिवहन विभागाच्या ‘सारथी’ या संकेतस्थळावर भरला जातो. आधार क्रमांकाच्या साहाय्याने ओळख पटवून घरबसल्या परीक्षा देण्याची सोय २०२१ पासून उपलब्ध झाली. परीक्षेत वाहतुकीची चिन्हे, रस्त्यावरील अग्रक्रम आणि चालकाची कर्तव्ये यांवर बहुपर्यायी प्रश्न असतात आणि उत्तीर्ण होण्यासाठी किमान ६० टक्के उत्तरे बरोबर यावी लागतात. केंद्रीय नियमांनुसार शिकाऊ परवान्याचे शुल्क प्रत्येक वर्गासाठी १५० रुपये असून परीक्षेचे ५० रुपये वेगळे आहेत.

हा परवाना सहा महिने वैध असतो. या काळात गाडीच्या पुढे व मागे पांढऱ्या पार्श्वभूमीवर लाल रंगात ‘एल’ हे अक्षर लावणे बंधनकारक आहे. पाटी किमान १८ सेंटिमीटर चौरस आणि अक्षर किमान १० सेंटिमीटर उंच असावे, इतका तपशील नियमात आहे. प्रत्यक्षात दुचाकीवर अशी पाटी क्वचितच दिसते. शिकणाऱ्यासोबत वैध परवाना असलेला शिक्षक असावा आणि तो वाहनावर ताबा ठेवू शकेल किंवा ते थांबवू शकेल अशा जागी बसलेला असावा, अशीही अट आहे. मोटारीच्या बाबतीत ती समजण्यासारखी आहे. दुचाकीवर मागे बसलेल्या माणसाच्या हाताशी क्लच नसतो आणि पायाशी ब्रेकही नसतो. हा नियम चारचाकी डोळ्यांपुढे ठेवून लिहिला गेला असावा, असे वाटल्यावाचून राहत नाही. शिक्षकाखेरीज अन्य कोणास मागे बसवण्यास शिकाऊ चालकाला मनाई आहे.

पक्क्या परवान्याची चाचणी

शिकाऊ परवाना मिळाल्यापासून किमान ३० दिवसांनी पक्क्या परवान्याची चाचणी देता येते. ती मोटार वाहन निरीक्षक घेतात. चाचणी ज्या वर्गासाठी असेल त्याच वर्गाची गाडी अर्जदाराने आणावी लागते. दुचाकीसाठी मैदानावर इंग्रजी आठच्या आकड्यासारखी मार्गिका आखलेली असते. पाय जमिनीला न टेकवता आणि रेषेबाहेर न जाता तीवरून गाडी फिरवून दाखवायची असते. अनुत्तीर्ण झाल्यास सात दिवसांनंतर पुन्हा चाचणी देता येते.

आठच्या आकड्यावरून गाडी नेणे वाटते तितके सोपे नाही. चालण्याच्या वेगाने दुचाकीचा तोल राखण्यासाठी क्लच अर्धवट सोडून धरावा लागतो, नजर चाकाजवळ न ठेवता वळणाच्या पुढच्या टोकाकडे ठेवावी लागते आणि पुढचा ब्रेक टाळावा लागतो, कारण हँडल वळलेले असताना तो दाबला की गाडी आडवी होते. या चाचणीतून संथ गतीतील तोल कळतो. परंतु केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील यादी याहून कितीतरी मोठी आहे. क्रमाक्रमाने सर्वांत वरच्या गिअरपर्यंत जाणे, चढावर थांबून पुन्हा निघणे, सुरक्षितपणे ओलांडून पुढे जाणे, चौकात योग्य कृती करणे आणि आणीबाणीच्या प्रसंगी वाहन थांबवणे या सर्व गोष्टी तीत आहेत. त्यांपैकी बऱ्याचशा छोट्या मैदानावर पारखताच येत नाहीत. ताशी पन्नास किलोमीटर वेगात असताना समोर अचानक माणूस आला तर उमेदवार काय करील, हे आठच्या आकड्यातून समजणे अशक्य आहे.

वैधता आणि दंड

२०१९ च्या दुरुस्तीनंतर, तिशीच्या आत काढलेला परवाना वयाच्या चाळिशीपर्यंत वैध असतो. ३० ते ५० या वयात काढलेला दहा वर्षे चालतो. ५० ते ५५ या वयात काढलेला साठीपर्यंत, तर त्यानंतरचा पाच वर्षे वैध राहतो. विनापरवाना वाहन चालवण्याचा दंड याच दुरुस्तीने ५०० रुपयांवरून ५,००० रुपये झाला. शिरस्त्राण न घातल्यास १,००० रुपये दंड आणि तीन महिने परवाना निलंबित होण्याची तरतूद आहे.

सर्वांत कडक तरतूद अल्पवयीन चालकांविषयी आहे. मुलाने गुन्हा केल्यास पालक किंवा वाहनमालक दोषी मानला जातो. त्यास तीन वर्षांपर्यंत कारावास व २५,००० रुपये दंड होऊ शकतो, वाहनाची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलास वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही. आपल्याला याची माहिती नव्हती किंवा आपण मुलाला रोखण्याचा पुरेपूर प्रयत्न केला होता, हे सिद्ध करण्याची जबाबदारी पालकावर असते.

इतर देशांतील पायऱ्या

पायऱ्यांची पद्धत कशी घडत गेली हे ब्रिटनच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. तेथेही एकेकाळी शिकाऊ चालकाला कोणत्याही आकाराची मोटारसायकल चालवता येत असे. १९६१ मध्ये शिकाऊ चालकांवर २५० सीसीची मर्यादा आली आणि १९८३ मध्ये ती १२५ सीसीवर आणली गेली. १९९० पासून रस्त्यावर येण्याआधी मूलभूत प्रशिक्षण सक्तीचे झाले. या प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र दोन वर्षे चालते. तेवढ्या अवधीत पूर्ण परवाना मिळाला नाही, तर प्रशिक्षण पुन्हा घ्यावे लागते.

युरोपीय संघाच्या निर्देशानुसार १९ जानेवारी २०१३ पासून सध्याचे वर्ग अमलात आले आणि ब्रिटनने ते पुढेही कायम ठेवले. तेथे १७ व्या वर्षी १२५ सीसी व ११ किलोवॉटपर्यंतची गाडी चालवता येते. १९ व्या वर्षी ३५ किलोवॉटपर्यंतची गाडी मिळते. मात्र ती मूळच्या दुपटीहून अधिक शक्तीच्या गाडीची शक्ती घटवून तयार केलेली नसावी, अशी अट आहे. अमर्याद शक्तीच्या गाडीचा परवाना थेट हवा असल्यास वयाची २४ वर्षे पूर्ण व्हावी लागतात. मधल्या वर्गाचा परवाना दोन वर्षे बाळगलेल्यास तो २१ व्या वर्षी मिळू शकतो, पण त्यासाठी पुन्हा चाचणी द्यावी लागते. या चाचणीत ताशी सुमारे ५० किलोमीटर वेगात अचानक थांबणे आणि अडथळा चुकवणे हे भाग असतात. भारतीय परवाना असलेल्या व्यक्तीला ब्रिटनमध्ये वास्तव्यास गेल्यावर बारा महिने त्यावर दुचाकी चालवता येते. भारताशी परवान्यांच्या अदलाबदलीची सोय नसल्याने त्यानंतर पुण्यात किंवा नागपुरात वीस वर्षे मोटारसायकल चालवलेल्या माणसालाही तेथे शिकाऊ परवान्यापासून आरंभ करावा लागतो.

जपानने १९७५ मध्ये ४०० सीसी ही सीमारेषा आखली. तिच्यावरील परवान्याची चाचणी इतकी अवघड होती, की तेथे ४०० सीसीच्या मोटारसायकलींची स्वतंत्र बाजारपेठच उभी राहिली. १९९६ मध्ये प्रशिक्षणशाळांतून मोठ्या गाडीचा परवाना मिळू लागला. सिंगापुरात २०० व ४०० सीसी अशा दोन सीमा आहेत आणि प्रत्येक पायरीवर किमान एक वर्ष काढावे लागते.

या पायऱ्यांचा महाराष्ट्राशी थेट संबंध आहे. युरोपातील पहिल्या पायरीसाठी घडवलेली केटीएमची १२५ ड्यूक ही मोटारसायकल २०११ पासून पुण्याजवळच्या चाकण येथील बजाज ऑटोच्या कारखान्यात तयार होऊन निर्यात होऊ लागली. दुसऱ्या पायरीच्या ३५ किलोवॉटच्या मर्यादेत बसणारी ३९० ड्यूकही तेथेच बनू लागली. युरोपातील सतरा-अठरा वर्षांच्या तरुणाने कोणत्या गाडीपासून आरंभ करावा हे ठरवणाऱ्या कायद्यासाठी गाड्या चाकणला घडतात. चाकणच्या तरुणाला मात्र तसा कायदा नाही.

भारतीय कायद्यात इंजिनाचा आकार

इंजिनाच्या आकाराची दखल भारतात कोणीच घेत नाही असे नाही. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपेक्षा मोठ्या दुचाकींना चाक जाम होऊ न देणारी ब्रेकप्रणाली, म्हणजेच एबीएस, सक्तीची झाली. वस्तू व सेवा कराची सीमारेषा ३५० सीसी आहे. सप्टेंबर २०२५ पासून तिच्या आतील दुचाकींवर १८ टक्के आणि वरील दुचाकींवर ४० टक्के कर आहे. त्रयस्थ विम्याचे हप्ते ७५, १५० आणि ३५० सीसी या टप्प्यांनुसार ठरतात. २०२२ मध्ये निश्चित झालेल्या दरांत सर्वांत लहान गाडीचा वार्षिक हप्ता ५३८ रुपये, तर ३५० सीसीवरील गाडीचा २,८०४ रुपये होता. विमा आणि कर यांना जो फरक दिसतो तो परवान्याला दिसत नाही, ही विसंगती सहज लक्षात येण्यासारखी आहे.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत दुचाकीस्वारांचे प्रमाण ४४.५ टक्के होते. रस्त्यावरील बहुसंख्य दुचाकी लहान असल्याने हा आकडा केवळ मोठ्या मोटारसायकलींच्या माथी मारता येत नाही. मोठ्या गाडीसाठी वेगळा परवाना आला तरी पहिल्या पायरीची चाचणी आहे तशीच राहिल्यास फरक मर्यादितच पडेल.

मोठ्या मोटारसायकलीकडे जाताना

कायद्याने पायऱ्या घातलेल्या नसल्यामुळे भारतीय चालकाला त्या स्वतःच ठरवाव्या लागतात. केवळ सीसी पाहून गाडी निवडणे फसवे ठरते. रॉयल एनफिल्डची क्लासिक ३५० आणि केटीएमची ३७३ सीसीची ३९० ड्यूक यांच्या इंजिनांच्या आकारात फारसे अंतर नाही, पण पहिलीची शक्ती सुमारे २० अश्वशक्ती आणि दुसरीची ४३ च्या आसपास आहे. उलट वजनाच्या बाबतीत क्लासिक भारी असून ती सुमारे १९५ किलो भरते. शंभर सीसीची नेहमीची मोटारसायकल सुमारे ११० किलोची आणि आठ अश्वशक्तीची असते. सुझुकीची हायाबुसा २६६ किलोची आणि सुमारे १९० अश्वशक्तीची आहे. परवाना मात्र या सर्वांना एकच.

वजनाचा त्रास वेगात कमी आणि थांबताना अधिक जाणवतो. उतारावर उभी केलेली गाडी मागे ढकलणे, अरुंद रस्त्यात वळवणे, वाळूवर पाय टेकणे अशा क्षणी जड गाडी कलली की ती हाताच्या बळावर सावरता येत नाही. शक्तीचा परिणाम वेगळा असतो. लहान गाडीवर मूठ पूर्ण पिळण्याची सवय झालेला हात मोठ्या गाडीवर तेच करतो आणि काय घडले हे कळण्याच्या आत वेग दुप्पट झालेला असतो. वेग दुप्पट झाला की ब्रेक लावल्यानंतर गाडी थांबण्यास लागणारे अंतर चौपट होते. शिवाय ताशी ८० किलोमीटर वेगात गाडी दर सेकंदाला २२ मीटर पुढे जात असते. धोका दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंतचा एक सेकंद याहून वेगळा मोजावा लागतो.

पुढचा ब्रेक दाबला की माणूस डोक्यावरून पडतो, ही समजूत अनेकांच्या मनात बसलेली असते आणि ते केवळ मागच्या ब्रेकवर विसंबतात. वास्तविक गाडी थांबताना भार पुढच्या चाकावर येतो आणि थांबवण्याचे बहुतेक काम तेच चाक करते. तो ब्रेक झटक्याने न दाबता वाढत्या जोराने दाबायचा असतो आणि त्या वेळी गाडी सरळ असावी लागते. हा सराव मोकळ्या, कोरड्या रस्त्यावर कमी वेगात आरंभून करता येतो. घाट उतरताना सतत ब्रेक धरून ठेवला तर तो तापून निकामी होऊ लागतो, म्हणून खालचा गिअर ठेवून इंजिनाच्या रोधाचा उपयोग करतात.

सामान्यतः १०० ते १२५ सीसी, मग १५० ते २००, मग ३५० ते ४०० आणि त्यानंतर ६५० व पुढे असा क्रम सोयीचा ठरतो. प्रत्येक टप्प्यावर निदान एक पावसाळा काढणे इष्ट असते, कारण ओला डांबरी रस्ता, त्यावर सांडलेले तेल, रंगवलेले पट्टे आणि पाण्याखाली दडलेला खड्डा यांची ओळख त्या चार महिन्यांतच होते. नव्या गाडीवर पहिले काही आठवडे मागे कोणाला न बसवणे हितावह आहे. मागच्या माणसाच्या साठ-सत्तर किलोंनी गाडीचा तोल, वळण आणि थांबण्याचे अंतर ही तिन्ही बदलतात, आणि चालकाला अजून एकट्याचेही अंतर नीट ठाऊक झालेले नसते.