घरचा संगणक : आधी नांग्या भरा, मग मोडायचे बघा



ऊस विकास अधिकाऱ्याने बेणेप्रक्रिया, हुमणी, खोडवा यांवर लिहावे; संगणकाशी त्याचा काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध एवढाच की, लागणीच्या नोंदी घेत नाचणगाव, पुलगाव आणि लगतच्या शिवारांतून फिरताना पाण्याच्या प्रश्नाखालोखाल हाच प्रश्न कानावर येतो : "साहेब, घरचा कॉम्प्युटर बसला जी. दुरुस्त करू का नवाच घेऊ?"

प्रश्न साधा नाही. मुलांचे शिक्षण, प्रवेशअर्ज, सातबारा, घरखर्चाचा हिशेब अशी कामे त्या एका डब्यावर चालतात. कोरोनाच्या काळात २०२० आणि २०२१ साली शाळा बंद होत्या तेव्हा पुष्कळांनी जुनी, वापरलेली मशीन घेतली. ती आता थकली आहेत. नवे घ्यायचे म्हटले तर ऊसबिलाचा मोठा घास त्यातच जातो, आणि दुकानदार बहुधा नव्याचाच सल्ला देतो.

अशा वेळी आपल्या सभासदाने खोडव्याचा विचार आठवावा. खोडव्यात दहा-वीस ठिकाणी नांग्या पडल्या म्हणून आपण पीक मोडत नाही. रोपे लावून नांग्या भरतो. मात्र निम्म्या सरीत फुटवाच नसेल तर खोडवा राखण्यात खताचा व पाण्याचा नासच होतो. संगणकाचेही तसेच आहे. नांगी कुठे पडली ते आधी पाहावे, मग खिशात हात घालावा.

काम कोणते, ते आधी ठरवा

साखर कारखानदारीतलेच एक उदाहरण सांगतो. कोल्हापूर जिल्ह्यात तात्यासाहेब कोरे यांनी उभ्या केलेल्या वारणा सहकारी उद्योगसमूहाच्या परिसरात १९९८ साली केंद्र व राज्य शासनाच्या मदतीने गावोगावी संगणक बसवण्याची योजना सुरू झाली. सुमारे ७० गावांसाठी ५४ केंद्रे निघाली. शेतकऱ्याला उसाची नोंद, तोडणीचा परवाना, खताचा हिशेब गावातच मिळावा हा हेतू. पुढे मशीन जुनी झाली, वीज वेळेवर नसे, देखभालीचा खर्च वाढत चालला. तेव्हा बंगळूरच्या मायक्रोसॉफ्ट रिसर्च संस्थेच्या संशोधकांनी सात गावांत प्रयोग केला. संगणकाऐवजी साध्या मोबाईलवरून लघुसंदेश पाठवून तीच माहिती मिळू लागली. २००७ साली या कामाचा अहवाल प्रसिद्ध झाला. ही पद्धत संगणकापेक्षा स्वस्त पडली आणि शेतकऱ्यांनाही ती जास्त सोयीची वाटली, असे त्यात नमूद आहे.

यातून आपण घ्यायचे ते असे : केवळ उसाचे वजन आणि बिलाचा संदेश पाहायचा असेल तर हातातला मोबाईल पुरे, त्यासाठी जुन्या संगणकावर पैसा घालू नये. पण घरात दहावी-बारावीचे किंवा कॉलेजचे मूल आहे, टंकलेखन शिकायचे आहे, लांबलचक अर्ज भरायचे आहेत, तर संगणक हवाच. मग तो कमी खर्चात कसा चालता ठेवावा ते पाहू.

पहिले काम : माहिती वाचवा

मशीन अडखळत का होईना सुरू होत असेल, तर दुरुस्तीला देण्यापूर्वी मुलांचे दाखले, फोटो, आधारकार्ड, पासबुकाच्या प्रती पेनड्राइव्हवर उतरवून घ्याव्यात. भाग पुन्हा विकत मिळतो. हरवलेला फोटो मिळत नाही. मशीन सुरूच होत नसेल तरी हार्डडिस्क बहुधा शाबूत असते. ती काढून दुसऱ्या संगणकाला जोडली की माहिती निघते. म्हणून "फॉरमॅट करून देतो" असे कोणी म्हणाले तर आधी माहिती काढायला सांगावे.

लक्षणावरून रोग ओळखा

आपण ज्याला सरसकट 'सीपीयू' म्हणतो त्या डब्यात पाच-सहा सुटे भाग असतात. प्रत्येकाची आजारपणाची खूण वेगळी.

१. घड्याळ मागे जाणे : रोज सुरू करताना तारीख चुकते, जुने वर्ष दिसते. मदरबोर्डवर नाण्याएवढा एक सेल असतो, त्याचा नंबर सीआर २०३२, दाब ३ व्होल्ट. तो संपला की घड्याळ चुकते. घड्याळ चुकले की सरकारी, बँकेच्या व प्रवेशाच्या वेबसाइट उघडत नाहीत, कारण त्यांची सुरक्षा-तपासणी तारखेवर चालते. सेल पन्नास रुपयांच्या आतबाहेर मिळतो. नवा बसवल्यावर तारीख-वेळ एकदा बरोबर लावून घ्यावी.

२. पंखा फिरतो, पण पडद्यावर काही नाही, भोंगा वाजतो : बहुतेक वेळा ही रॅमची तक्रार. रॅम काढून तिच्या सोनेरी पट्ट्या शाळेच्या साध्या खोडरबराने हलक्या हाताने पुसाव्यात, चुरा झटकावा आणि 'टक' असा आवाज येईपर्यंत नीट बसवावी. दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून पाहावी. यात खर्च शून्य.

३. अर्ध्या तासाने आपोआप बंद पडणे : ही उष्णतेची खूण. पंख्यात व त्याखालच्या ॲल्युमिनियमच्या जाळीत धूळ आणि कापसाची रुई दाटून बसते. मऊ ब्रशने साफ करावे. हवा मारताना पंखा बोटाने धरून ठेवावा. प्रोसेसर आणि जाळी यांच्यामधली पेस्ट वाळून खडू झालेली असते. ती पुसून नवी लावावी. पेस्ट शे-दोनशेत येते.

४. बटण दाबले तरी काहीच नाही : आधी भिंतीवरचे सॉकेट व वायर तपासावी. ती ठीक असेल तर एसएमपीएसवर संशय घ्यावा. घरातल्या २३० व्होल्टचे १२, ५ आणि ३.३ व्होल्ट करून देणारा तो डबा. साधा हजाराच्या आसपास मिळतो. हा डबा स्वतः कधीही उघडू नये. वायर काढल्यावरही त्यात वीज साठून राहते.

५. सुरू व्हायला दहा मिनिटे, आतून टकटक आवाज : हार्डडिस्क जायला आली. जुनी हार्डडिस्क म्हणजे मिनिटाला ५४०० किंवा ७२०० वेळा फिरणारी चकती. तिच्या जागी एसएसडी बसवावी. तिच्यात फिरणारा भागच नाही. जुन्या मशीनला कोणत्या एका खर्चाने सर्वांत जास्त फरक पडत असेल तर तो याच.

६. मदरबोर्डवरचे कपॅसिटर फुगणे : मोटारीच्या पेटीतला कपॅसिटर फुगलेला आपण पाहतोच, त्याचेच हे छोटे भाऊ. त्यांची डोकी फुगली, तपकिरी रस गळला, तर मदरबोर्ड गेला असे समजून पुढचा हिशेब करावा.

डबा उघडण्यापूर्वी वीज पूर्ण बंद करावी, मोबाईलवर आतला फोटो काढून ठेवावा आणि डब्याच्या पत्र्याला हात लावून मगच भागांना हात लावावा. अंगातली स्थिर वीज नाजूक भाग मारते.

गेल्या उन्हाळ्यात नाचणगावच्या एका सभासदाच्या घरी मुलीचा प्रवेशअर्ज भरायचा होता. मुदतीला चार दिवस उरले होते आणि वेबसाइट उघडत नव्हती. एका दुकानात दाखवले तर "मदरबोर्ड गेला, नवाच घ्या" असा निकाल मिळाला. घरात सोयाबीनचे पैसे खताला ठेवलेले. ते मोडायचे ठरत होते. मुलीच्याच लक्षात आले की, पडद्याच्या कोपऱ्यातली तारीख कित्येक वर्षे मागची आहे. सेल बदलला, तारीख लावली, अर्ज त्याच संध्याकाळी भरला गेला. खताचे पैसे खतालाच गेले. दुकानदार मुद्दाम फसवत होता असे म्हणायचे नाही. पण लक्षण न पाहता औषध दिले की असेच होते.

भाग घेताना

रॅमचे प्रकार वेगळे असतात. डीडीआर-३ च्या खाचेत डीडीआर-४ बसत नाही. म्हणून जुनी पट्टी सोबत घेऊनच पुलगावला, वर्ध्याला किंवा नागपूरला बर्डीवर जावे. २०२५ च्या अखेरीपासून जगभरच्या मोठ्या संगणक-केंद्रांच्या मागणीमुळे रॅम आणि एसएसडीचे भाव चढले आहेत. दोन-तीन दुकानी विचारल्याशिवाय घेऊ नये. दुसऱ्या मशीनमधून काढलेली रॅम तपासून घेतली तर चांगली चालते. पण हार्डडिस्क व एसएमपीएस मात्र जुने घेऊ नये. ते झिजणारे भाग आहेत. दुरुस्तीवाल्याला सांगावे : "आधी तुमच्याकडचा चालू भाग लावून दाखवा, मशीन चालले तर पैसे देतो." पक्के बिल व वॉरंटी मागण्यात संकोच नको.

विंडोज १० ला मिळणारा कंपनीचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि बरीच जुनी मशीन विंडोज ११ च्या अटीत बसत नाहीत. तेवढ्यासाठी मशीन भंगारात घालण्याचे कारण नाही. लिनक्स मिंट किंवा सी-डॅक या सरकारी संस्थेने तयार केलेली बॉस ही प्रणाली मोफत मिळते. मुलांचा अभ्यास व इंटरनेट त्यावर होते. फक्त मुलाच्या कॉलेजला लागणारे सॉफ्टवेअर त्यावर चालते का, ते आधी विचारून घ्यावे.

आपल्या भागातली खरी कारणे

नवतपात आपल्याकडे पारा पंचेचाळिसाच्या आसपास जातो. त्या दिवसांत दुपारी मशीन चालवू नये, सकाळी काम उरकावे. कूलरची ओली हवा थेट डब्यावर घेऊ नये, आणि कूलर व संगणक एकाच बोर्डावर नकोत. कूलरची मोटर सुरू होताना दाब एकदम खाली येतो. विजेची ये-जा सुरू झाली की वायर काढून ठेवावी. विहिरीवरच्या स्टार्टरला आपण अर्थिंग करतो; घरच्या सॉकेटलाही ते आहे की नाही, एकदा तपासून घ्यावे. नवा भाग घातला आणि ही कारणे तशीच ठेवली, तर वर्षाच्या आत पुन्हा तोच खर्च.

कुठे थांबावे

माझा ठोकताळा असा : तपासलेले, वॉरंटीसह मिळणारे वापरलेले मशीन जेवढ्यात मिळते, त्याच्या तिसऱ्या हिश्शापर्यंत खर्च येत असेल तर दुरुस्ती करावी. निम्म्यावर गेला तर थांबावे. मदरबोर्ड गेला असेल तर बहुधा थांबावेच, कारण त्यापाठोपाठ प्रोसेसर आणि रॅमही बदलावी लागते. एकदम सगळे बदलू नये. एक भाग बदलावा, आठवडाभर चालवून पाहावे, मग दुसरा. आणि पडदा, कीबोर्ड, चांगली रॅम, नवी एसएसडी हे भाग मोडीत देऊ नयेत. बरेचदा ते पुढच्या मशीनला चालतात.

जुना डबा भंगारवाल्याला देताना हार्डडिस्क काढून घ्यावी. तिच्यात आपले आधार, पासबुक, सही सगळे असते. राहिलेले सामान जाळू नये. ई-कचरा घेणाऱ्याकडेच द्यावे.

ज्यांच्या घरी दुरुस्तीचा प्रश्न आहे त्यांनी गटाच्या पुढच्या बैठकीला येताना मशीनची लक्षणे कागदावर लिहून आणावीत : कधी बंद पडते, कसा आवाज येतो, तारीख बरोबर दिसते का. उसाच्या गोष्टी झाल्या की आपण तेही बसून पाहू.

— ऊस विकास अधिकारी