पोहण्याची टोपी : गरज किती, हौस किती?

गेल्या उन्हाळ्यात आमच्या विद्यालयातील काही मुलींना पोहण्याच्या शिबिरासाठी शहरात नेले असता तरणतलावाच्या दारातच आम्हांला थांबविण्यात आले. टोपी नसल्यास पाण्यात उतरता येणार नाही, असा तेथील नियम होता. ऐनवेळी बाजारातून पातळ रबरी टोप्या आणल्या. मुलींचे दाट, लांब केस त्यांत मावेनात. दोन टोप्या तर घालतानाच फाटल्या. जिवतीच्या पहाडावर उन्हाळ्यात पिण्याच्या पाण्यासाठीच वणवण असते. तेथील मुलींना पोहावयास मिळण्याचा योग मुळात दुर्मिळ; तोही टोपीपायी हुकू पाहावा, हे आमच्या मनाला लागले. या टोपीचा उपयोग तरी किती, हे आम्ही तेव्हापासून तपासू लागलो.

टोपीने केस कोरडे राहतात, ही समजूत खरी नव्हे. कडेने पाणी आत शिरतेच. केसांना लागणारे क्लोरीन थोडे कमी होते, इतकेच. त्याहून सोपा उपाय फुकटचा आहे. पाण्यात उतरण्यापूर्वी केस साध्या पाण्याने भिजवावेत. आधीच पाणी प्यालेला केस तलावातले पाणी कमी शोषतो. मग नियम कशासाठी? गळलेले केस पाण्यात तरंगतात आणि गाळणयंत्राच्या जाळीत अडकतात, म्हणून. म्हणजे टोपी पोहणाऱ्यापेक्षा तलावाच्या अधिक उपयोगाची. तरीही लांब केस डोळ्यांवर व तोंडावर येत असतील, तर शिकणाऱ्या मुलीस तिची मदत होतेच.

वेगाची गोष्ट शर्यतीपुरती आहे. कोल्हापूरच्या वीरधवल खाडे यांनी २०१० च्या ग्वांगझू आशियाई स्पर्धेत ५० मीटर बटरफ्लायमध्ये कांस्यपदक मिळविले. तशा शर्यतीत सेकंदाच्या शंभराव्या भागाचाही हिशेब असतो. तेथे गुळगुळीत टोपीने पाण्याचा विरोध किंचित कमी होणे मोलाचे ठरते. नवशिक्याला त्याचे काय?

दाट केसांची अडचण केवळ आमच्या मुलींची नाही. कृष्णवर्णीयांच्या भरघोस केसांसाठी बनविलेल्या ‘सोल कॅप’ या मोठ्या टोपीस जागतिक जलतरण महासंघाने २०२१ मध्ये टोकियो ऑलिम्पिकपूर्वी मान्यता नाकारली. ती डोक्याच्या नैसर्गिक आकारास धरून नाही, असे कारण दिले गेले. बरीच टीका झाल्यानंतर २०२२ मध्ये मान्यता मिळाली. डोक्याचा ‘नैसर्गिक आकार’ कोणाच्या केसांवरून ठरवावयाचा, हा प्रश्न आम्हांस रास्त वाटतो.

टोपी घ्यावयाचीच असेल, तर लांब केसांसाठी मोठ्या मापाची सिलिकॉनची घ्यावी. पातळ रबरी टोपी स्वस्त मिळते. पण ती केस ओढते, लवकर फाटते आणि काहींना रबराची ॲलर्जीही असते. कापडी टोपी डोक्याला सुखाची, मात्र तिच्यातून पाणी आरपार जाते. वापरल्यावर टोपी साध्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवावी. वसतिगृहात एकीची टोपी दुसरीने घालू नये. उवांना तेवढे निमित्त पुरते.

उघड्या पाण्यात मात्र रंग महत्त्वाचा. गढूळ जलाशयात पोहणाऱ्याचे केवळ डोकेच दिसते. भडक नारिंगी टोपी काठावरच्या माणसाच्या नजरेत राहते, काळी वा निळी हरवते. पण दिसणे म्हणजे तरंगणे नव्हे. प्लास्टिक अंथरलेल्या शेततळ्याचा उतार इतका निसरडा असतो की पोहता येणाऱ्यालाही वर चढता येत नाही. तेथे गाठी मारलेला दोर काठाला बांधलेला हवा.

यंदा आम्ही प्रथम दोर आणि हवा भरलेल्या ट्यूब घेतल्या. उरलेल्या पैशांत मोठ्या मापाच्या सहा नारिंगी टोप्या आल्या. प्रत्येकीवर एकेका मुलीचे नाव घातले आहे.