मालवणच्या बाजारातील पथ्य

औषधाचा खर्च महिन्या-दोन महिन्यांचा असतो, पथ्याचा रोजचा. मालवणकडील आमच्या रुग्णांत खलाशी, मासळी विकणाऱ्या स्त्रिया आणि आंबा-काजूच्या बागांत रोजंदारी करणारे बरेच. ओट्स, ऑलिव्ह तेल व डबाबंद सूप यांची छापील यादी हाती दिली, की ते ती विनयाने घडी घालून खिशात ठेवतात आणि पथ्य तेथेच संपते.

म्हणून वैद्याने आपल्या गावचा बाजार स्वतः फिरून पाहावा, असे आमचे मत आहे. उकडा तांदूळ, कुळीथ, नाचणी, आमसुले, तिरफळे, नारळ. येथे बहुतेक पथ्य एवढ्यातच बसते. भात फोलासकट उकडून मग कांडल्यामुळे कोंड्यातील काही जीवनसत्त्वे दाण्यात उतरतात. तांदळाच्या सहापट पाण्यात यवागू, चौदापट पाण्यात मंड, हे आपण पाठ केलेले. मालवणी घरात तीच पेज. ज्वरातून उठलेल्याची सोय मूठभर तांदळात होते.

कुळथाचे मोल तर आपणच विसरलो आहोत. कुळीथ भाजून, भरडून, साल पाखडून दळावेत. लसूण-मिरचीच्या फोडणीत पाणी घालून त्यात कालवलेले पीठ सोडावे, दोन आमसुले टाकून उकळावे. चार-पाच चमचे पिठात घरातल्या चौघांचे कालवण होते. कुलत्थ उष्ण, कफवातघ्न. अश्मरीच्या रुग्णास हितकर. आम्लपित्त वा रक्तपित्त असेल तेथे मात्र हात आखडावा.

खरी कसोटी पावसाळ्यात लागते. जून-जुलैत यांत्रिक नौका बंद असतात, ताजी मासळी महागते, आणि गरिबाच्या चुलीवर सुका बांगडा नाही तर गोलमो येतो. खारवलेल्या सुक्या बांगड्यात मीठ मुरलेले असते. रक्तदाबाच्या रुग्णास ‘सुके मासे बंद’ एवढेच सांगून आपण मोकळे होतो. पण त्या ताटात दुसरे काय वाढायचे, हे घरच्या बाईने कोणास विचारावे? आम्ही पिठी सांगतो, अळू सांगतो आणि टाकळा सांगतो. टाकळा म्हणजे आपला चक्रमर्द. या दिवसांत वाटेच्या कडेला फुकट उगवतो. कोवळी पानेच खुडावीत, चिरून कांद्यावर परतावीत, वर ओले खोबरे. आमसुलांनाही बहुधा मीठ लावलेले असते, तेव्हा अशा रुग्णाने बिनमिठाची मागून घ्यावीत.

नौका पुन्हा समुद्रात गेल्या, की सुरमई-पापलेटचा हट्ट न धरता बांगडा व तारली घ्यावी. स्निग्धांश उत्तम आणि बहुधा स्वस्त. मासळीबरोबर सोलकढी विरुद्धाशन होते काय, असे तरुण वैद्यमित्र हमखास विचारतात. संहितांनी मत्स्यासह निषेधिले आहे ते दूध. नारळाचा रस त्यात मोजण्याचे कारण आम्हांस दिसत नाही, आणि मालवणात तसे सांगून ऐकणार तरी कोण!