तीन वह्यांचा एक ताळा

घरातील मुलाने वा मुलीने सैन्यदलात अधिकारी होण्याची इच्छा व्यक्त केली, की ‘मग पेढी कोण सांभाळणार?’ हा प्रश्न प्रथम उमटतो. तो स्वाभाविक आहे. परंतु पेढीवरचे संस्कारच या निवडीत उपयोगी पडतात, हे सहसा ध्यानात येत नाही.

लेखी परीक्षेनंतर सेवा निवड मंडळाची पाच दिवसांची कसोटी असते. पहिल्या दिवशीच्या चाळणीनंतर मानसशास्त्रज्ञ, मुलाखतकार आणि गटचाचणी अधिकारी उमेदवारास स्वतंत्रपणे पारखतात. ६० शब्दांवर प्रत्येकी १५ सेकंदांत वाक्य लिहावयाचे. ६० प्रसंगांना ३० मिनिटांत उत्तर द्यावयाचे. या वेगात पाठांतर टिकत नाही. मैदानावर फळी आणि दोरखंडाच्या साहाय्याने अडथळा ओलांडताना सोबत्याला सांभाळून कोण घेतो, तेही दिसते. मन, वाचा आणि कृती या तीन वह्यांचा ताळा अखेरच्या दिवशीच्या बैठकीत पाहिला जातो.

म्हणून खरी तयारी घरातच सुरू व्हावी. मुलांवर एखाद्या खरेदीची, थकलेल्या वसुलीची जबाबदारी सोपवावी. चुकल्यास त्यांनाच निस्तरू द्यावे. वृत्तपत्रवाचन व मैदानी खेळ नित्याचे असावेत. नाशिकच्या छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्रात राज्य शासन या मुलाखतीची तयारी विनामूल्य करून घेते. खडकवासल्याच्या प्रबोधिनीत २०२२ पासून मुलींनाही प्रवेश मिळतो.

निवड न झाल्यास पुन्हा प्रयत्न करता येतो. तोवर अंगी बाणलेली सचोटी आणि निर्णयशक्ती पेढीवरही वाया जात नाही.