घरच्या अंगणात फायबरची होडी: बांधण्याआधी एवढं समजून घ्या

गेल्या मे महिन्यात सुट्टीला गावी गेलो तेव्हा आपाच्या अंगणात, आंब्याखाली, एक होडी उलटी पडलेली दिसली. चौदा फुटांची, बाहेरून निळी चकचकीत. भाच्याने आणि त्याच्या दोन दोस्तांनी स्वतःच्या हाताने बांधलेली. "मामू, कारखान्यात विचारलं तर परवडेना, म्हटलं आपणच करू," तो म्हणाला. मी माशाअल्लाह म्हणतोय तोवर आपा स्वयंपाकघरातून बोलली, "बुडाली कशी ते पण सांग मामूला."

फेब्रुवारीत खाडीच्या तोंडाशी रेतीच्या दांड्यावर लाट फुटली आणि पाणी आत आलं. होडी मागून इंजिनासकट खाली बसली, नाळ आभाळाकडे. तिघे पोहत किनाऱ्याला लागले. ओहोटीला होडी रेतीत रुतलेली सापडली. त्या दिवसापासून आपा समुद्राकडे तोंड करून बसत नाही.

मी शाळेत विज्ञान शिकवतो, होडी बांधणारा नाही. पण सुट्टीचे पुढचे दिवस आम्ही ती होडी तपासण्यात घालवले, एका जुन्या फायबर कारागीर चाचांना दोनदा बोलावून आणलं, आणि जे कळलं ते इथे लिहितोय. किनाऱ्यावरच्या आपल्या पुष्कळ घरांत आज हाच विचार चालू आहे, म्हणून.

आधी हे फायबर म्हणजे काय. काचेचे केसासारखे बारीक धागे आणि त्यांना धरून ठेवणारं रेझिन, या दोघांची जोडी. आपले जुने लोक लाकडी होडीच्या फटीत काथ्या ठोकून वर राळ लावायचे, कल्पना तिथलीच आहे असं समजा. फरक एवढाच की इथे फळी नाहीच, काथ्या आणि राळ मिळूनच होडी. 1942 च्या सुमारास अमेरिकेत रे ग्रीन नावाच्या माणसाने अशी पहिली छोटी होडी बनवली असं मानतात. आपल्याकडे 2004 च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या किनाऱ्यावर फायबरच्या होड्या मोठ्या संख्येने वाटल्या गेल्या. घाईघाईत बांधलेल्या काही होड्यांचा दर्जा इतका वाईट निघाला की लोकांना बांधणी नीट शिकवण्याची वेळ आली. म्हणजे भाच्याची चूक नवी नाही.

पहिली गोष्ट साच्याची. कारखान्यात आधी एक नमुना होडी, तिच्यावरून साचा आणि साच्यातून एकामागून एक होड्या काढतात. एकाच होडीसाठी साचा करणं म्हणजे एका भाकरीसाठी नवी चूल. घरी एकच करायची असेल तर मरीन प्लायवूडचे तुकडे कापून, कडा तारेने शिवून, आतबाहेर फायबर चढवणं सोपं आणि स्वस्त. भाच्याला गावातल्या एकाचा जुना साचा उसना मिळाला म्हणून तो साच्याने गेला. त्यात काही वाईट नाही, फक्त साच्याला मेण नीट घासून लावावं लागतं. एक जागा सुटली तरी होडी तिथे चिकटते आणि काढताना साचाही फाटतो.

मेणावर जेलकोट, म्हणजे बाहेरचा रंगीत थर, जेमतेम अर्धा मिलिमीटर. बोट लावल्यावर चिकट लागेल पण बोटाला येणार नाही, इतका जमला की मग मॅट. चौदा फुटी होडीला आमच्या चाचांनी सांगितलेला क्रम असा: आधी 300 ग्रॅमची मॅट, मग 450 ची, मग विणलेलं 610 ग्रॅमचं रोविंग, वर पुन्हा 450 ची. हे ग्रॅम एका चौरस मीटरचे. सगळं मिळून जाडी साडेतीन मिलिमीटरच्या आसपास येते. तळाचा कणा, कडा आणि इंजिन बसतं तो मागचा पाट, इथे जास्तीचे थर हवेतच. मागच्या पाटाच्या आत प्लायवूडही घालतात.

हिशोब करून बघा. मॅटला तिच्या वजनाच्या सव्वादोन-अडीच पट रेझिन लागतं, रोविंगला साधारण तेवढ्यास तेवढं. एका चौरस मीटरला मॅट 1200 ग्रॅम, रोविंग 610. रेझिन झालं सुमारे साडेतीन किलो. होडीच्या अंगाचं क्षेत्रफळ साडेआठ चौरस मीटर धरलं तर रेझिन तीस किलोच्या घरात आणि काच पंधरा किलो. हे फक्त कवचाचं, बाकं-कडा वेगळ्या. भाच्याने पैसे वाचवायला वीस किलोत भागवलं होतं. होडीच्या आतल्या बाजूला जे पांढरट डाग दिसत होते ते तेच, रेझिन न पोचलेली कोरडी मॅट. तिथे बोटाने दाबलं तर करकर आवाज यायचा. उलट, रेझिन भरमसाट ओतलं तर ताकद वाढत नाही, होडी काचेच्या बांगडीसारखी कडक आणि ठिसूळ होते. दात्यांच्या लोखंडी रोलरने दाबून बुडबुडे काढायचे आणि जास्तीचं रेझिन पुढे ढकलायचं, खरं कौशल्य तिथे आहे.

आता हार्डनर. रेझिन रंगासारखं वाळत नाही हे मुलांना समजवायला मला वेळ लागला. ते रासायनिक क्रियेने जमतं आणि जमताना उष्णता सोडतं. म्हणून डब्यात उरलेलं रेझिन पातळ पसरवलं नाही तर धूर सोडायला लागतं, कधी पेटही घेतं. एका किलोला 10 ते 20 ग्रॅम हार्डनर, मे महिन्याच्या उकाड्यात 10 च्या जवळ. साधारण पंधरा-वीस मिनिटं हातात मिळतात. जास्त वेळ मिळावा म्हणून मुलं हार्डनर कमी कमी करत गेली, पाच ग्रॅमपर्यंत. असं रेझिन पूर्ण कधीच जमत नाही, महिन्यानंतरही नखाने ओरखडा उठतो. वेळ हवा असेल तर एका वेळी थोडंच कालवा आणि फजरनंतर, ऊन चढायच्या आत काम उरका. पावसाळी दमट हवेत तर करूच नका. ओलसर मॅट म्हणजे पुढे फोड येणार.

इथे थोडं थांबून घरातल्या आया-बहिणींनीही वाचावं असं सांगतो. दुकानातून कधी कधी तीन बाटल्या येतात: रेझिन, कोबाल्ट आणि हार्डनर. बहुतेक रेझिनमध्ये कोबाल्ट आधीच घातलेलं असतं, विचारून घ्यावं. नसेल तर कोबाल्ट रेझिनमध्ये घालून पूर्ण ढवळायचं, त्यानंतरच हार्डनर. कोबाल्ट आणि हार्डनर एकमेकांत थेट कधीही मिसळायचे नाहीत, भडका उडतो, स्फोट होऊ शकतो. एकाच चमच्याने दोन्ही मोजणंसुद्धा धोक्याचं. हार्डनर डोळ्यात उडालं तर दृष्टी जाऊ शकते. ताबडतोब साध्या पाण्याने निदान पंधरा मिनिटं धुवत राहायचं आणि मग थेट दवाखाना. कुणी काही औषध, दूध, गुलाबपाणी सुचवेल, ऐकू नका. चष्मा लावला तर ही वेळच येत नाही, आणि तो चष्मा रेझिनच्या एका डब्याहून स्वस्त आहे.

रेझिनची वाफ साधारण 31-32 अंशांवरच पेट घेण्याजोगी होते. मे महिन्यात आपल्या अंगणात तेवढं तापमान सकाळी नऊलाच असतं. म्हणून चूल, बिडी, उदबत्ती काहीही जवळ नको. ॲसिटोन तर त्याहून वाईट, आणि त्याने हात धुवायची सवय कातडीला मारक. तोंडाला रुमाल बांधून वाफ अडत नाही, त्यासाठी कार्ट्रिजचा मास्क लागतो. घासकामाच्या वेळी उडणारी काचेची धूळ वेगळीच. मुलांचे कपडे आपाने घरच्या कपड्यांत धुतले, तर आठवडाभर सगळं घर खाजवत होतं!

पण होडी बुडाली ती यातल्या कशानेही नाही. ते कारण समजलं तेव्हा मला माझ्याच वर्गातला धडा आठवला.

लाकडी होडीत पाणी भरलं तरी लाकूड तरंगतं, माणूस तिला धरून राहतो. फायबर पाण्याहून सुमारे दीडपट जड. रिकामी होडी तरंगते ती तिच्या पोकळ आकारामुळे, आणि पाणी भरलं की तो आकार काही कामाचा राहत नाही. भाच्याला हे ऐकून माहीत होतं. त्याने पुढच्या बाकाखाली थर्माकोल भरला आणि वरून रेझिन-मॅटने बंद केलं. आम्ही ते बाक कापून उघडलं. आत थर्माकोल नव्हताच, तळाशी मूठभर चिकट गोळा! रेझिनमध्ये स्टायरीन असतं आणि थर्माकोल त्यात विरघळतो, साखर चहात विरघळावी तसा. वरचं झाकणही कोरड्या मॅटचं, गळकं. म्हणजे बाकाखाली हवा नव्हती, समुद्राला मोकळी वाट होती.

गणित साधं आहे. तयार होडीचं फायबर 80 किलो धरा. पाण्यात बुडाल्यावर त्याचं वजन सत्तावीस किलोच्या आसपास राहतं. चाळीस किलोचं इंजिन पाण्यात तीसेक किलो, जाळं-नांगर आणखी वीस. झाले सुमारे ऐंशी. पाणी भरलेल्या होडीत बसून राहणाऱ्या तीन माणसांचे, अर्धं अंग पाण्यात धरून, आणखी नव्वद. एक लिटर बंद हवा किंवा फोम साधारण एक किलो उचलतो. म्हणजे 170 लिटर कमीत कमी, आम्ही 200 धरले. ते कुठे ठेवता तेही महत्त्वाचं. सगळं नाळेत भरलं तर मागचं इंजिन खाली ओढतं आणि होडी उभी राहते, जसं झालं. दोन्ही बाजूंच्या बाकांखाली, वरच्या अंगाला, आणि मोठा वाटा मागे. पीयू फोम वापरावा, त्यालाही पाणी लागू नये म्हणून पेटी पूर्ण बंद. पैसे नसतील तर झाकणं घट्ट लावलेल्या पाण्याच्या रिकाम्या बाटल्या ठासून भरल्या तरी चालतात. एक फुटली तरी बाकीच्या असतात.

कागदांचंही बघावं. मासेमारीला जाणाऱ्या होडीला नोंदणी आणि महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम, 1981 खाली परवाना लागतो. घरी बांधली म्हणून सूट नाही. मत्स्यव्यवसाय खात्याच्या कार्यालयात बांधायच्या आधीच विचारलं तर मापं काय हवीत तेही कळतं. अपघात झाला आणि कागद नसले तर घरच्यांच्या हाती काहीच लागत नाही.

मुलांनी कोरड्या जागा घासून काढल्या, नवे थर दिले, बाकं परत बांधली. मऊ राहिलेला एक मोठा भाग चाचांनी कापूनच टाकायला लावला, भाचा दोन दिवस रुसला होता. मग इंजिनाऐवजी तेवढ्याच वजनाच्या वाळूच्या गोण्या मागे बांधून, भरतीला, कमरेएवढ्या पाण्यात होडी नेली आणि बादल्यांनी मुद्दाम काठोकाठ भरली. तिघे आत बसले, अंगात लाइफ जॅकेट. कड पाण्याच्या वर चार बोटं राहिली, सपाट. आपा बांधावर उभी होती. अर्धा तास तिने कुणालाच बाहेर येऊ दिलं नाही.