किल्लीच्या जुडग्यातील विजेरी आणि तिच्या पोटातील सेल

मराठी घरांत विजेरीला ‘बॅटरी’ म्हणण्याचा प्रघात फार जुना आहे. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातील आपल्या घरांतही, वीज गेली की ‘बॅटरी आण’ असाच पुकारा होतो. भाषेची ही चूक मोठी बोलकी म्हटली पाहिजे. आतल्या वस्तूचे नाव बाहेरच्या वस्तूस मिळाले, आणि आतल्या वस्तूची चौकशी मात्र कोणी करीनासे झाले. दिवाळीस अथवा दुकानाच्या वर्धापनदिनी ग्राहकांना भेट म्हणून, दुकानाचे नाव कोरलेल्या, किल्ल्यांच्या जुडग्यास अडकवावयाच्या छोट्या एलईडी विजेऱ्या शंभर-दोनशे नगांच्या लॉटने करवून घेण्याची चाल व्यापारी बंधूंत पडली आहे. रंग कोणता, अक्षर केवढे, डबी कशी, याचा खल तासन्‌तास चालतो. सेल कोणता घालणार, हे विचारणारा विरळा. प्रस्तुत लेखाचा हेतू त्या एका प्रश्नापुरताच आहे, आणि तो प्रश्न मला सुचला तो माझ्या शहाणपणामुळे नव्हे.

काही वर्षांपूर्वी फूलबागेजवळच्या आमच्या दुकानातर्फे अशा दीडशे विजेऱ्या वाटल्या. परगावच्या एका पुरवठादाराने दर इतका कमी सांगितला की अधिक विचारण्याचे भान राहिले नाही. दिवाळीनंतर पंधरवडाही लोटला नसेल, तोच शिंदे की छावणीतील एका जुन्या वाड्यात राहणाऱ्या आमच्या वृद्ध ग्राहक दुकानी आल्या आणि विजेरी गल्ल्यासमोर ठेवून म्हणाल्या, “भाऊ, तुमचं नाव ठळक दिसतं हो यावर, उजेड तेवढा दिसत नाही. काल जिन्यात पाय चुकला, कठडा हाती लागला म्हणून वाचले.” मी खजील झालो. “मावशी, दुसरी देतो,” असे म्हणून नवी काढली, तर तीही मंद! शिल्लक बत्तीस नग त्याच रात्री उघडून पाहिले. अकरा पार निकामी होते. मालाची पेटी वाटेत दाबली गेली, बटणे दबून राहिली, आणि दिवे काळोख्या खोक्यात कोणासाठी जळत बसले ते देव जाणे. आत मसुराएवढे नव्हेत, पण हरभऱ्याहून फार मोठेही नाहीत असे तीन बटण सेल होते.

तीन का, हे समजावयास थोडे मागे जावे लागते. निक होलोन्याक यांनी १९६२ साली डोळ्यांस दिसणारा तांबडा एलईडी सिद्ध केला. त्यास दोन व्होल्टच्या आसपास पुरतात. पांढऱ्या उजेडासाठी मात्र आधी निळा हवा होता. तो तेजस्वी स्वरूपात १९९३ साली जपानमध्ये शुजी नाकामुरा यांच्या हातून आला, आणि त्यावर पिवळे प्रकाशणारे द्रव्य चढवून पांढरा दिवा तयार झाला. निळ्या एलईडीच्या कार्यासाठी आकासाकी, आमानो व नाकामुरा या तिघांना २०१४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. या पांढऱ्या दिव्यास सुमारे तीन व्होल्ट लागतात. दीड व्होल्टचा एक सेल त्यास पेटवू शकत नाही. दोन नवे असताना पेटवितात, पण लवकरच कमी पडतात. म्हणून स्वस्त मालात तीन बटण सेल एकावर एक रचतात. जादा व्होल्ट अडविण्यास रेझिस्टन्स घालावा, तर तोही वाचवितात. सेलच्या आतील रोध ते काम कसेबसे करतो.

याहून बरा म्हणजे रुपयाच्या नाण्यासारखा चपटा लिथियम सेल, ज्यावर सी.आर. २०३२ असे लिहिलेले असते. या आकड्यात त्याचे मापच आहे: वीस मिलिमीटर व्यास आणि ३.२ मिलिमीटर जाडी. तो एकटाच तीन व्होल्ट देतो, वजनास तीन ग्रॅम, आणि न वापरता वर्षानुवर्षे टिकतो. त्याची क्षमता सुमारे २२० मिलीअँपिअर-तास सांगतात. पण ती घड्याळासारख्या अल्पाहारी यंत्रासाठी. दिव्याची भूक मोठी असते, तेथे त्याचा दाब लवकर उतरतो. थोडा वेळ चांगला उजेड, मग कितीतरी तास मिणमिण. येथे एक क्लृप्ती ग्राहकाच्या लक्षात येत नाही. सी.आर. २०१६ हा सेल नेमका निम्म्या जाडीचा, तेव्हा एका २०३२ च्या जागी दोन २०१६ बेमालूम बसतात आणि सहा व्होल्ट देतात. नमुना दाखविताना विजेरी डोळे दिपविते; पण तिच्यात योग्य रेझिस्टन्स नसेल तर दिवा आपले आयुष्य जाळून तो झगमगाट करीत असतो. तेव्हा नमुना हाती आला की झाकण उघडून सेल मोजावेत, हे बरे.

या चपट्या सेलविषयी एक गोष्ट मात्र व्यापाराच्या पलीकडची आहे. लहान मुलाने तो गिळला आणि तो अन्ननलिकेत अडकला, तर ओलाव्यातून वीज वाहून तेथे तीव्र क्षार उत्पन्न होतो आणि दोन तासांतही आतील भाग गंभीर भाजू शकतो. मूल हसते-खेळते दिसले तरी क्षणाचा विलंब न लावता रुग्णालयात न्यावे लागते. अमेरिकेने २०२२ साली याकरिता स्वतंत्र कायदा केला, तोही एका बालिकेच्या मृत्यूनंतर. किल्ल्यांचा जुडगा म्हणजे घरोघरी मुलांचे पहिले खेळणे! नखाने उघडणारे झाकण असलेली विजेरी आपल्या नावाने कोणाच्या घरी पाठविण्यास माझे मन आता घेत नाही. झाकण स्क्रूनेच बंद होणारे असावे.

रिमोटमध्ये घालतात तो छोटा पेन्सिल सेल, म्हणजे ए.ए.ए., दिसावयास गबाळा वाटतो. साडेचव्वेचाळीस मिलिमीटर लांब, दहा-बारा ग्रॅम जड. तथापि अल्कलाइन जातीचा असेल तर त्यात चपट्या सेलच्या दुपटीहून अधिक ऊर्जा मावते. तो दीडच व्होल्ट देतो, म्हणून व्होल्ट चढविणारे छोटे सर्किट विजेरीत लागते आणि नगामागे खर्च वाढतो. पण संपला की कोणत्याही किराणा दुकानात नवा मिळतो, आणि मुलाच्या घशात सहसा उतरत नाही. साधा झिंक-कार्बन घालून अल्कलाइनचा दर लावण्याचे प्रकार होतात, तेवढे वेष्टन वाचून घ्यावे. अल्कलाइनही संपून तसाच पडला तर पाझरतो.

चार्जिंगच्या लिथियम-आयन विजेऱ्या तरुणांस प्रिय आहेत. उजेड उत्तम, पण बंद मोटारीत ग्वाल्हेरचा ज्येष्ठ त्यांना मानवत नाही, आणि वर्षभर खणात विसरलेली विजेरी बहुधा पुन्हा उठत नाही. भेटवस्तूचे नशीब पुष्कळदा खणातच असते. शिवाय अशा सेलना भारतीय मानक ब्युरोची नोंदणी लागते. विमानाने माल येणार असेल तर चाचणीचे कागदही मागतात.

लॉट लहान असला की कारखानदार आपल्याला मोजीत नाही, ही तक्रार खरी. पण दीडशे नग आपण स्वतः पारखू शकतो. दहा हजारांचे ते शक्य नाही. सेलचे नाव व जात मागणीपत्रात लिहून घ्यावी, सेल व पत्रीच्या मध्ये ओढून काढावयाची प्लास्टिकची पट्टी मागावी, म्हणजे वाटेत बटण दबले तरी दिवा लागत नाही. पाच नग रात्रभर जळत ठेवावेत, पाच खिशात किल्ल्यांबरोबर महिनाभर वागवावेत.

पुढच्या खेपेस आम्ही छोट्या पेन्सिल सेलची विजेरी केली. नगामागे खर्च बराच वाढला, म्हणून दीडशेऐवजी नव्वदच वाटल्या, आणि काही ग्राहकांचा रुसवा पत्करला. मावशींकडे मी स्वतः गेलो. त्यांनी विजेरी हाती घेतली, नावाकडे पाहिलेही नाही, झाकण फिरवून सेल बाहेर काढला, चष्मा लावून त्यावरची तारीख वाचली, पुन्हा बसविला, आणि मग मला म्हणाल्या, “चला, जिन्यापर्यंत सोडते तुम्हाला.”