कामावरचा छळ: तिथल्या तिथे बोलावं की नंतर तक्रार करावी?

आहुपे म्हणजे आंबेगाव तालुक्याचं पश्चिम टोक. डिंभे धरणाच्या पाण्याला वळसा घालून एसटी कड्यापर्यंत येते. इथली भातशेती पावसाळ्यापुरती आणि हिरडा हंगामापुरता. महिन्याच्या महिन्याला पगार हवा असेल तर वाटा मोजक्याच: आश्रमशाळेत कामाठी किंवा स्वयंपाकी, तासिका तत्त्वावर शिक्षक, अंगणवाडी, आशा, वनखात्याची रोजंदारी. अशी नोकरी गेली तर दुसरी लगेच मिळत नाही. त्यामुळे वरिष्ठाने चारचौघांत अपमान केला, की घरातून आणि शेजारून दोनच सल्ले येतात. एक म्हणतो, “तिथेच सुनवायचं होतंस.” दुसरा म्हणतो, “आत्ता गप्प बस, पुढे बघू.” या दोन्ही सल्ल्यांमागे काही पक्के गैरसमज आहेत.

गैरसमज: तेव्हाच बोलला नाहीत, म्हणजे तुम्हाला ते मान्य होतं.
वस्तुस्थिती: जागेवरच विरोध केला पाहिजे अशी अट कोणत्याही कायद्यात नाही. समोरचा अंगावर येत असेल, प्यायलेला असेल किंवा खोलीत तिसरं कुणी नसेल, तर तिथून निघून येणंच शहाणपणाचं. बोलणं सुरक्षित वाटलं तर एक वाक्य पुरतं, तेही आवाज न चढवता: “सर, कामात चूक असेल तर सांगा, मी दुरुस्त करते. पण असं बोललेलं मला चालणार नाही.” एवढं बोलून कामाला लागावं. शिवीला शिवी दिली, तर दुसऱ्या दिवशी कारणे दाखवा नोटीस तुमच्याच हातात पडू शकते.

गैरसमज: तक्रार काय, कधीही करता येते.
वस्तुस्थिती: महिलेचा लैंगिक छळ झाला असेल, तर २०१३ च्या कायद्याप्रमाणे घटनेपासून ३ महिन्यांत लेखी तक्रार द्यावी लागते. प्रकार पुन्हा पुन्हा घडत असेल तर मुदत शेवटच्या घटनेपासून मोजतात. सबळ कारण असेल तर तक्रार घेणारी समिती आणखी ३ महिने देऊ शकते, त्यापुढे नाही. कोलकात्याच्या विधी विद्यापीठातल्या एका प्राध्यापिकेने कुलगुरूंविरुद्ध डिसेंबर २०२३ मध्ये तक्रार दिली. शेवटची घटना एप्रिल २०२३ मधली धरली गेली आणि सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तक्रार मुदतबाह्य ठरवली. कायदा शिकवणाऱ्या व्यक्तीलाही मुदत आड आली. साध्या दादागिरीसाठी, म्हणजे सततचे टोमणे, मुद्दाम जादा काम किंवा अपमान यांसाठी, आपल्याकडे वेगळा कायदा नाही. तिथे सेवानियम आणि वरिष्ठांकडची तक्रार हाच मार्ग. पण तिथेही दिवस जातात तसे साक्षीदार विसरतात, कुणाची बदली होते.

गैरसमज: साहेबांच्या कानावर घातलं, म्हणजे तक्रार झाली.
वस्तुस्थिती: डॉ. पायल तडवी जळगावच्या तडवी भिल्ल कुटुंबातल्या. मुंबईच्या नायर रुग्णालयात पदव्युत्तर शिक्षण घेत त्या काम करत होत्या. २२ मे २०१९ रोजी त्यांनी आत्महत्या केली. तीन वरिष्ठ डॉक्टरांवर छळाचा आरोप ठेवला गेला आणि प्रकरण न्यायालयात गेलं. त्रासाबद्दल आपण आधीच सांगितलं होतं, असं कुटुंबाचं म्हणणं होतं. लेखी तक्रार आलीच नव्हती, असं प्रशासनाने तेव्हा सांगितलं. लेकीसाठी धावपळ करणाऱ्या आईला कागदाच्या अभावी असं उत्तर ऐकावं लागू नये.

म्हणून त्याच रात्री वहीत लिहून ठेवा: तारीख, वेळ, जागा, हजर असलेल्यांची नावं आणि बोललेले शब्द जसेच्या तसे. “साहेब वाईट बोलले” एवढ्याने काही सिद्ध होत नाही. “दुपारच्या जेवणाच्या वेळी, स्वयंपाकघराच्या दारात, दोन मावशींसमोर हे शब्द वापरले” असं लिहिलं तर चौकशीला धागा मिळतो. तक्रार अर्जाच्या दोन प्रती काढा. एक कार्यालयात द्या; दुसरीवर शिक्का, सही, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. ही पोच जपून ठेवा. अर्ज घेतला नाही तर स्पीड पोस्टाने पाठवा. आश्रमशाळेतल्या कर्मचाऱ्याला घोडेगावच्या प्रकल्प कार्यालयातही अर्ज देता येतो. घोडेगावला जायचं तर दिवस मोडतो हे खरं, पण तो मोडायलाच हवा.

आणि जीव नकोसा वाटत असेल, तर अर्ज वगैरे सगळं नंतर. आधी घरच्यांना सांगा, १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर फोन करा.

गैरसमज: जातीवरून बोलणं नेहमीचंच, त्याची दखल कोण घेणार?
वस्तुस्थिती: इथली महादेव कोळी ही अनुसूचित जमात आहे. तिच्यातल्या कुणाचा, अनुसूचित जाती-जमातीबाहेरच्या माणसाने, लोकांच्या नजरेसमोर जमातीवरून मुद्दाम अपमान केला, तर तो १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा ठरतो. २०१८ च्या दुरुस्तीनंतर एफआयआर नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशीची गरज उरलेली नाही. मात्र चार भिंतींआड, कुणी ऐकलं नसताना झालेल्या अपमानाला हे कलम लागणं अवघड. म्हणून ऐकणारे कोण होते, हे त्याच दिवशी टिपून ठेवणं फार महत्त्वाचं. मदतीसाठी १४५६६ हा क्रमांक आहे.

गैरसमज: तक्रार समित्या शहरातल्या कंपन्यांसाठीच असतात.
वस्तुस्थिती: लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी प्रत्येक जिल्ह्यात स्थानिक समिती असावी लागते. कामाच्या जागी १० पेक्षा कमी माणसं असतील किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर ती तिथे करायची. ग्रामीण आणि आदिवासी भागात तालुक्याला एक समन्वय अधिकारी नेमायचा असतो. त्याने तक्रार ७ दिवसांत समितीकडे पाठवायची. लिहिता येत नसेल तर तक्रार लिहून घेण्यात मदत करणं समितीवर बंधनकारक आहे. चौकशी चालू असताना बदली किंवा ३ महिन्यांपर्यंतची रजाही मागता येते.

गैरसमज: सिद्ध झालं नाही, तर उलट आपल्यावरच शेकतं.
वस्तुस्थिती: पुरावा कमी पडला एवढ्यावरून तक्रारदार महिलेवर कारवाई होत नाही, खोटेपणा मुद्दाम केल्याचं चौकशीत सिद्ध व्हावं लागतं. पण रोजंदारीवरच्या माणसाला पुढच्या वर्षी कामावर न घेण्याची भीती खरी आहे, ती कुणी हसण्यावारी नेऊ नये. म्हणून एकट्याने जाऊ नका. महिला आणि अनुसूचित जमातीच्या व्यक्तींना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. घोडेगावच्या न्यायालयातल्या तालुका विधी सेवा समितीकडे किंवा १५१०० वर विचारा.

तेव्हा बोलायचं की नाही, हे ज्याच्यावर प्रसंग येतो त्याने ठरवावं. लिहायचं मात्र त्याच दिवशी आणि तक्रार मुदतीच्या आत. आणखी एक जबाबदारी बाकीच्यांची. त्या दारात उभ्या असलेल्या दोघींनी “आम्ही ऐकलं” म्हणून अर्जाखाली सही केली, तर एकटीची तक्रार तिघींची होते, आणि ती दडपणं साहेबाला सोपं जात नाही.